तिसऱ्या हाकेपर्यंत : भयकथा कशी चालते

प्रश्न दोन आहेत. भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेला माणूसही चांगली भयकथा वाचून झाल्यावर पॅसेजमधला दिवा चालू का ठेवतो? आणि साहित्यातल्या इतक्या लाटा आल्या-गेल्या, तरी या प्रकाराचा वाचक आटत का नाही?

'माणसाला घाबरायला आवडतं' असं म्हणून बरेच जण दोन्ही प्रश्न एकदम निकालात काढतात. पण बायोप्सीचा रिपोर्ट यायच्या आदल्या रात्रीची भीती कुणालाच आवडत नाही. हप्ता थकल्यावर बँकेचा फोन वाजतो, तीही नाही. आवडते ती नियम ठरलेली भीती. भयकथेत वाचकाला एक नियम आधीच सांगितलेला असतो. कुणीतरी तो मोडणार हेही त्याला कळून चुकलेलं असतं. वसुली कशी होणार, एवढंच ठाऊक नसतं. त्या मधल्या वेळात सगळी भयकथा राहते. भूत उशिरा येतं, आणि काही उत्तम कथांमध्ये येतच नाही.

आपल्याकडचा अगदी घरगुती नियम घ्या. रात्री बाहेरून कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, तिसरीला द्यायची. कारण बाहेरचं जे असतं ते तिसऱ्यांदा हाक मारत नाही. यात मोजायला एक आकडा आहे. करायची गोष्ट इतकी सोपी आहे की झोपेत चुकू शकते, आणि चूक म्हणजे फक्त 'ओ' म्हणणं, जे आपण दिवसातून पन्नास वेळा करतो. शत्रूचं वर्णन मात्र शून्य. ते दिसतं कसं, असं आजीला विचारलं तर तिच्याकडे उत्तर नसतं आणि ती ते देण्याच्या भानगडीतही पडत नाही. लेखकाने आजीकडून शिकायची पहिली गोष्ट हीच.

नियम बसवायचा कसा, ते आकड्यांत सांगतो. चार हजार शब्दांची कथा असेल तर नियम पहिल्या सहाशे शब्दांत यायला हवा, आणि शक्यतो थट्टेत, भांडणात किंवा कामाच्या गडबडीत यावा. गंभीर चेहऱ्याने सांगितलेला नियम वाचक लगेच ओळखतो आणि पुढे काय होणार याचं गणित मांडून बसतो. हजाराच्या आसपास पहिली खटकणारी गोष्ट यावी, पण ती सहज झटकून टाकता येईल अशी. नियम प्रत्यक्ष मोडायचा तो मध्याच्या जरा अलीकडे, आणि मोडणाऱ्याकडे सबळ कारण हवं. केवळ मूर्खपणाने तळघरात उतरणाऱ्या पात्राबद्दल वाचकाला भीती वाटत नाही, 'बरं झालं' वाटतं. मूल आजारी आहे म्हणून, कर्ज आहे म्हणून, गेलेल्या माणसाची ओढ आहे म्हणून नियम मोडला, तर आपणही तेच केलं असतं हे वाचकाला कळतं. तिथून तो कथेत अडकतो.

या हिशोबाचा नमुना म्हणून डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची १९०२ सालची 'द मंकीज पॉ' ही कथा आजही पुढ्यात घेऊन बसावी अशी आहे. लांबी साधारण चार हजार शब्दच. पावसाळी थंड रात्र, शेकोटीपाशी आई विणते आहे, बाप-लेक बुद्धिबळ खेळताहेत. बाप आपला राजा उगाचच धोक्यात घालतो. पुढची सगळी कथा त्या एका खेळीत आहे, पण पहिल्या वाचनात कुणाचं लक्ष जात नाही. मग भारतात एकवीस वर्षं काढून आलेला सार्जंट-मेजर येतो. त्याच्याकडे माकडाचा वाळलेला पंजा आहे. एका फकिराने तो भारलेला आहे: तीन माणसांना प्रत्येकी तीन इच्छा. पहिल्या मालकाच्या पहिल्या दोन इच्छा काय होत्या ते सार्जंटला माहीत नाही; तिसरी मरणाची होती. एवढं बोलून तो गप्प होतो आणि पंजा विस्तवात टाकतो. बाप तो झटकन बाहेर काढतो.

इच्छा कसली मागतात ते बघा. राज्य नाही, अमरत्व नाही. घरावरचं कर्ज फेडायला दोनशे पौंड. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून माणूस येतो: मुलगा यंत्रात सापडला. कंपनी जबाबदारी मान्य करत नाही, पण सेवेची कदर म्हणून काही रक्कम देऊ करते. किती? दोनशे पौंड. तो आकडा ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तिथे भुताचा संबंधच नाही. तीनशे पौंड मागून दोनशे मिळाले असते, तर ती नुसती दुःखद गोष्ट झाली असती. हिशोब पैपर्यंत जुळतो म्हणून भीती वाटते, कारण हिशोब जुळला याचा अर्थ पलीकडे कुणीतरी हिशोब ठेवणारं आहे.

शेवट तर भयकथा लिहिणाऱ्याने पाठच करावा. आई दुसरी इच्छा मागायला लावते: मुलगा जिवंत हवा. बापाला माहीत आहे की मुलाला त्याने फक्त कपड्यांवरून ओळखलं होतं, आणि त्याला जाऊन दहा दिवस झालेत. ही दोन वाक्यं जेकब्स दार वाजायच्या आधी सांगून टाकतो. नंतर वर्णनाची गरजच उरत नाही. दारामागे काय उभं असेल त्याचं चित्र वाचक स्वतः काढतो, आणि ते कुठल्याही लेखकाच्या चित्रापेक्षा वाईट असतं. दार आधी हळू वाजतं, मग जोरात. आई कडीपर्यंत पोचते. वरची कडी घट्ट बसली आहे, हात पुरत नाही, ती खुर्ची ओढते. बाप अंधारात जमिनीवर पंजा चाचपडतो आहे. काही सेकंदांचा मामला, पण पानभर चालतो. तिसरी इच्छा मागितली जाते, आवाज थांबतो, दार उघडतं. बाहेर रस्त्यावरचा दिवा निर्मनुष्य रस्त्यावर लुकलुकतोय. संपलं. राक्षस दाखवायची एकही ओळ नाही.

वेळेचा हा हिशोब नवशिक्यांच्या हातून हमखास उलटा होतो. आठवड्याभराच्या प्रवासाला दोन पानं जातात आणि दार उघडण्याला एक ओळ. सूत्र सोपं आहे: धोका जितका जवळ, तितकं घड्याळ हळू. दहा सेकंदांना दोनशे शब्द द्यायला कचरू नये. मात्र त्या दोनशेत वस्तू हव्यात: कडी, खुर्ची, चुलीचा उजेड, हाताला लागलेलं काहीतरी. भावना नकोत. 'तिला प्रचंड भीती वाटली' हे वाक्य आलं की घड्याळ थांबत नाही, कथाच थांबते. उलट, प्रत्यक्ष दर्शन घडवायचंच असेल तर शंभर-सव्वाशे शब्दांवर जाऊ नये, आणि त्यानंतर कथा दीडशे शब्दांत संपवावी.

मोठं दाखवलं की भीती वाढते, हा गैरसमज या प्रकाराच्या जन्मापासूनचा आहे. होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या 'द कासल ऑफ ओट्रँटो'मध्ये, जिथून गॉथिक कादंबरीची, म्हणजे जुने किल्ले, शाप आणि भुतं यांच्या कादंबरीची सुरुवात मानतात, आकाशातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि लग्नाच्या दिवशी राजपुत्र त्याखाली चिरडून मरतो. आज वाचताना हसू येतं. पुढच्या पिढीतल्या अ‍ॅन रॅडक्लिफने यातला धडा ओळखला. तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात ती दहशत आणि भीषणता यांत फरक करते: दहशत मनाला फैलावते, जागं करते, समोर उघडं दाखवलेलं भीषण दृश्य मन आखडून टाकतं. तिची स्वतःची खोड मात्र अशी, की शेवटी ती सगळ्याचा उलगडा करून टाकायची: पडद्यामागे मेणाचा पुतळा होता वगैरे. वाचकाला तेव्हाही थोडी फसवणूक वाटली, आजही वाटते. शेवटच्या पानावर 'ते सगळं काकांचं कारस्थान होतं' असं निघालं तर तुमची कथा चांगली रहस्यकथा असू शकेल. भयकथा तिथे मेली.

केंब्रिजचे एम. आर. जेम्स नाताळच्या सुमारास मित्रांना कॉलेजातल्या आपल्या खोलीत भुतांच्या गोष्टी वाचून दाखवायचे. त्यांनी १९२४ मध्ये दोनच घटक महत्त्वाचे सांगितले: वातावरण, आणि बेताने चढवत नेलेली तीव्रता. दुसऱ्यावरच घोडं अडतं. चढण म्हणजे आवाज मोठा करत जाणं नाही. प्रत्येक पायरीवर एक पळवाट बंद करायची असते. माळ्यावर खुडबुड झाली: मांजर असेल. दुसऱ्यांदा खुडबुड झाली तेव्हा मांजर मांडीवर झोपलेलं आहे: उंदीर असेल. तिसऱ्यांदा माळ्यावरचा डबा खाली आणून ठेवलेला सापडतो, झाकण लावलेलं. उंदीर झाकण लावत नाही. वाचक स्वतःच्या समाधानासाठी जी जी कारणं शोधतो ती त्याच्या आधी ओळखायची आणि एकेक करून शांतपणे काढून घ्यायची. चार पळवाटा पुरेत. सहाव्या-सातव्या वेळी तो कंटाळतो.

आता भाषा. मराठीत भयकथा लिहिणाऱ्याच्या हातात काही हत्यारं अशी आहेत की इंग्रजीतल्या लेखकाला हेवा वाटावा. सगळ्यांत धारदार म्हणजे व्याकरणातलं लिंग. 'काकू पायऱ्या चढून वर आली. उंबऱ्याशी ते थांबलं.' बस, एवढंच. 'ती'चं 'ते' झालं आणि काकू काकू राहिली नाही. यावर स्पष्टीकरणाचं एक अक्षरही लिहू नये, आणि आख्ख्या कथेत हा बदल एकदाच करावा. दोनदा केला की वाचकाला मुद्रितशोधनाची चूक वाटते. दुसरं हत्यार संबोधनाचं. तीस वर्षं 'अहो' म्हणणारी बायको एका रात्री स्वयंपाकघरातून 'अरे, इकडे ये' म्हणते. आवाज तोच, शब्द साधे, आणि नवऱ्याचे पाय उचलत नाहीत. तिसरं क्रियापदाचं. 'दार उघडलं' या वाक्यात कर्ता सांगावाच लागत नाही. वाऱ्याने, माणसाने की आणखी कशाने, वाक्य मूग गिळून बसतं. नवा लेखक घाबरून तिथे 'आपोआप' घालतो. 'दार आपोआप उघडलं' म्हटलं की प्रश्न सुटला, भूत आहे हे ठरलं, संशय गेला. तो शब्द खोडून टाका.

नादशब्दांची श्रीमंती मात्र दुधारी आहे. करकर, खरखर, टकटक, सळसळ, कुजबुज असे सगळे एका परिच्छेदात ओतले की बँडबाजा होतो. एका कथेला एक आवाज द्यावा, आणि तो कुठल्यातरी ओळखीच्या वस्तूचा असावा: पाटा-वरवंट्याचा, शिलाई मशीनच्या पायट्याचा, काठीच्या रबरी टोकाचा. आजोबा गेल्यावर तेराव्यानंतर काठी माळ्यावर ठेवली असेल, तर पॅसेजमधून येणारा तो दबका 'टप्' अख्ख्या स्मशानवर्णनापेक्षा जड पडतो.

'भयाण', 'भीषण', 'काळाकुट्ट', 'किर्र', 'थरकाप', 'काळजाचा ठोका चुकला' हे शब्द कथेतून शोधून काढून टाका आणि काय उरतं ते बघा. हा उपाय कठोर आहे पण निदान अचूक करतो. नमुना म्हणून एक नेहमी दिसणारी सुरुवात:

'अमावस्येची भयाण काळरात्र होती. सर्वत्र स्मशानशांतता पसरली होती. इतक्यात मागच्या दारातून सुमनला कुणीतरी घोगऱ्या आवाजात हाक मारली! तिच्या सर्वांगाला दरदरून घाम फुटला…'

आणि तोच प्रसंग असा:

'सुमनने कुकरची शिटी काढून घासायला टाकली आणि ओट्यावरून फडकं फिरवलं. मागच्या दारी "सुमे" अशी हाक आली. सासूबाई मारायच्या तशीच, शेवटचा ए जरा ओढलेला. "आले" म्हणता म्हणता तिचं लक्ष हॉलमध्ये गेलं. सासूबाई टीव्हीपुढे शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले होते आणि त्या मागच्या दाराकडे बघत होत्या. "ओ देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "दोनच झाल्यात."'

दुसऱ्या उताऱ्यात एकही भीतीचं विशेषण नाही. अमावस्या नाही, पाऊस नाही, टिटवी नाही. ट्यूबलाइट चालू आहे. आवाज घोगरा नाही, ओळखीचा आहे, आणि ज्याचा आहे तो माणूस समोर बसलाय. मोजणीचा नियम वाचकाला आधीपासून माहीत आहे. आणि खरा चटका शेवटच्या दोन शब्दांत आहे: सुमनने हाक एकच ऐकली होती. म्हणजे पहिली केव्हा झाली? ती कुणाच्या नावाने होती? सासूबाई ती ऐकून गप्प का बसल्या? हे प्रश्न लेखकाने विचारायचे नाहीत. वाचक विचारतो, आणि पान उलटतो. शिवाय उद्गारचिन्ह नाही. चार हजार शब्दांच्या भयकथेला दोन उद्गारचिन्हं खूप झाली. तीन टिंबांची माळ एकही नको.

आपल्या भुतांची यादी नीट वाचली तर लोकप्रियतेच्या प्रश्नाचंही अर्धं उत्तर तिथेच मिळतं. ए. एम. टी. जॅक्सन या नाशिकच्या कलेक्टरने कोकणातल्या आणि गुजरातेतल्या लोकसमजुती गोळा केल्या होत्या. हा तोच जॅक्सन, ज्याच्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्याचं साहित्य पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केलं आणि कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला. त्यातली भुतं पाहिली तर ती राक्षस कमी आणि थकलेली येणी जास्त वाटतात. मुंजा म्हणजे मुंज झाली पण पुढचं आयुष्य मिळालं नाही असा मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे पुरलेल्या धनावरून जीव न उठलेला ब्राह्मण. प्रत्येकाचं काहीतरी येणं राहिलंय आणि देणेकरी म्हणजे घरच. गंमत अशी की आपण या प्रकाराला 'बाहेरचं' म्हणतो, 'बाहेरची बाधा' म्हणतो, आणि यादी मात्र सगळी घरातल्या माणसांची. फ्रॉइडने १९१९ च्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात 'उनहाइमलिश' या जर्मन शब्दाच्या अंगाने नेमकं हेच धरलं होतं: ज्याला आपण अनोळखी, अंगावर येणारं म्हणतो, त्या शब्दाच्या पोटातच 'घर' आहे, ते मुळात ओळखीचंच होतं, दडपून टाकलेलं.

म्हणून ही कथा टिकते. जमिनीच्या वाटणीत फसवलेली बहीण, विहिरीत 'पाय घसरून' पडलेली सून, कागदावरून नाव पुसलेला धाकटा भाऊ यांच्याबद्दल घरात बोलायची सोय नसते. भुताच्या गोष्टीत असते. सामाजिक कादंबरीत तीच गोष्ट आली की वाचक बाजू घ्यायला बसतो. भयकथेत त्याला भीती वाटते, आणि भीती वाटली की आपणही देणेकऱ्यांच्या घरातलेच आहोत हे मान्य केल्यासारखं होतं. मात्र याचीच दुसरी बाजू म्हणजे आळशी लेखन. विधवा, आदिवासी म्हातारी, तंटा करणारी शेजारीण यांना चेटकीण करून टाकणारी कथा जुन्या अन्यायाला नवं भूत चिकटवते. चेटकीण ठरवून बायकांना मारहाण होण्याचे प्रकार कागदावरचे नाहीत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो अशाच गोष्टींसाठी. भूत कुणाचं करायचं, हा निर्णय कारागिरीचाही आहे: ज्याच्यावर अन्याय झालाय त्याचं भूत वाचकाला दोन्हीकडून ओढतं, ज्याच्यावर आधीच संशय आहे त्याचं कुठूनच ओढत नाही.

लोकप्रियतेचं उरलेलं अर्धं उत्तर शरीरात आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी लोकांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून करमणुकीसाठी उभारलेल्या एका भुताटकीच्या घरात सोडलं. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मजा सगळ्यांत जास्त कुणाला आली? जे अगदीच घाबरले नाहीत त्यांना नाही, आणि जे फार घाबरले त्यांनाही नाही. मधल्यांना. लेखकाच्या दृष्टीने याचा अर्थ व्यवहारी आहे: सलग ताण देऊ नका. दर दोन प्रसंगांनंतर चहा येऊ द्या, कुणीतरी फालतू विनोद करू द्या, मूल शाळेचा डबा विसरू द्या. खाली उतरल्याशिवाय पुन्हा चढता येत नाही. करोनाच्या काळात केलेल्या एका अभ्यासात, भयपट आवडणाऱ्या लोकांना मानसिक त्रास तुलनेने कमी झाल्याचं आढळलं. तो नुसता संबंध आहे; एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही. पण भीतीची रंगीत तालीम हा शब्द अगदीच पोकळ नाही, एवढं त्यातून म्हणता येतं.

आणि ही तालीम एकट्याने करायची नसते. जपानमध्ये एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, शंभर गोष्टींची बैठक बसायची. शंभर दिवे लावायचे, एकेक भुताची गोष्ट झाली की एकेक विझवायचा. शंभरावा विझला की खरंच काहीतरी येतं, असा समज. म्हणून नव्याण्णववरच थांबायचीही पद्धत होती. पुन्हा बघा: आकडा, साधी कृती, आणि समोरच्याचं वर्णन शून्य. आपल्याकडे हेच काम शेकोटीने केलं, गावाला मे महिन्यात अंगणात टाकलेल्या अंथरुणांनी केलं, आता इअरफोन लावून कथा ऐकणारे लोक लोकलमध्ये करतात. ऐकण्यासाठी लिहायचं असेल तर वाक्यं आखूड करा, नावं तीनपेक्षा जास्त नकोत, आणि नियम दोनदा सांगा, कारण श्रोत्याला मागचं पान चाळता येत नाही.

'मोबाइलमुळे भयकथा लिहिता येत नाही' ही तक्रार नेहमीची. 'रेंज गेली' हा तिच्यावरचा उपाय अमावस्येइतकाच झिजलाय. १८९७ च्या 'ड्रॅक्युला'मध्ये ब्रॅम स्टोकरने त्या काळातलं नवंकोरं सामान भरलंय: तार, टंकलेखन यंत्र, डॉक्टरची फोनोग्राफवर बोलून ठेवलेली रोजनिशी. यंत्रांनी भीती कमी झाली नाही, पुरावा वाढला. फोन चालू ठेवा. गेलेल्या माणसाला सवयीने पाठवलेल्या मेसेजवर दोन निळ्या रेघा उमटल्या, तर त्यासाठी रेंज फुल्ल असावी लागते. 'टायपिंग' असं दिसून थांबलं, तर आणखी बरं.

भगताच्या तोंडून दोन पानांचा इतिहास सांगणं हा दुसरा मोठा अपघात. साधारण तीन-चतुर्थांश कथा झाली की एक जाणता माणूस येतो आणि शंभर वर्षांपूर्वी या वाड्यात काय घडलं ते ओळीने सांगतो. तोवर जमवलेलं सगळं तिथे सांडतं. माहिती तीन ठिकाणी तोडून द्या: सातबाऱ्यावरचं खोडलेलं नाव, फोटोतून कापलेला माणूस, एका म्हातारीचं अर्धं वाक्य. तुकडे वाचकाने जोडू द्यावेत आणि एक तुकडा कायमचा हरवलेला असावा. 'तुंबाड' हा २०१८ चा चित्रपट हिंदीत असला तरी कोकणातला आहे आणि त्यामागे नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा आहे. त्यात गाभ्याचा नियम साधा आहे: भुकेल्या हस्तरपुढे पिठाची बाहुली टाकायची आणि तो ती खाईपर्यंत त्याच्याकडची सोन्याची नाणी उचलायची, आणि शेवटी गळ्याशी येतं ते एकाऐवजी अनेक बाहुल्या नेल्यामुळे. लोभ, नियम, आकडा. २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त पैसे कमावून गेला.

'तो तर वीस वर्षांपूर्वीच वारला!' हा शेवट मात्र आता कुणीही करू नये. पहिल्या पानावर जो भेटला तो मेलेला आहे, हे वाचक तिसऱ्या पानावर ओळखतो. तोच धागा वापरायचा असेल तर ती बातमी सुरुवातीलाच द्या: हो, तो वीस वर्षांपूर्वी वारला, सगळ्या गावाला माहीत आहे, आणि तरी दर गुरुवारी त्याच्यासाठी पान वाढलं जातं. मग गुरुवारी पान वाढायला विसरतात.

कथा झाल्यावर ती एका माणसाला रात्री मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना मजकुराकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवा. तो मध्येच 'म्हणजे ते कोण होतं?' असं विचारेल तिथे तुम्ही माहिती कमी दिलीत. मोबाइलकडे बघेल तिथे शब्द जास्त झालेत; पेन्सिलने तिथेच खूण करा. हसेल तिथे विशेषण शोधा, ते सापडेलच. आणि एखाद्या ठिकाणी काही न बोलता उठून त्याने मागचं दार लागलंय का ते बघितलं, तर त्या परिच्छेदाला पुन्हा हात लावू नका.